पत्र्याआडचा अणू

दोन वर्षांपूर्वीची, धनत्रयोदशीच्या आधीची गोष्ट. सफाईच्या धांदलीत आईने माझ्या खोलीतलं टेबल ओढून त्याखालचा केर काढला, टेबलावरचं सामान फडक्याने पुसलं आणि जिथलं तिथे ठेवलं. त्या सामानात पत्र्याची एक चपटी डबी होती, शाळेच्या डब्याएवढी. ती चालूच होती आणि हाताला चांगली गरम लागत होती. आईने तीही पुसली आणि जागेवर ठेवली. फक्त तिचं तोंड फिरलं. आधी वायरी भिंतीकडे निघत होत्या, आता त्या खिडकीकडे निघू लागल्या.

त्या डबीत रुबिडियमचं अणुघड्याळ आहे. घड्याळ म्हटलं तरी त्याला काटे नाहीत, आकडे नाहीत. त्यातून सेकंदाला एक कोटी झोके घेणारा विद्युत संकेत बाहेर येतो, १० मेगाहर्ट्‌झचा. शेजारीच दुसरा एक आंदोलक आहे, जीपीएसच्या उपग्रहांचं ऐकून स्वतःला सावरत राहणारा. दोघांच्या लाटा मी ऑसिलोस्कोपवर एकीखाली एक लावून ठेवतो. एक लाट पडद्यावर स्थिर धरायची आणि दुसरी तिच्या तुलनेत किती सरकते ते पाहायचं, एवढाच हा खेळ. सफाईच्या आधी रुबिडियमची लाट दिवसाला साधारण एक झोका सरकत असे. सफाईनंतर पाहिलं तर साडेचार तासांतच एक झोका सरकत होता.

फरक किती? आजोबांच्या पिढीने पाठ केलेली संख्यांची नावं इथे कामाला येतात. अब्ज, खर्व, निखर्व. निखर्व म्हणजे एकावर अकरा शून्यं. माझ्या घड्याळाची चाल निखर्वात अर्ध्या भागाने बदलली होती. एवढ्या फरकाने घड्याळ एक सेकंद चुकायला सहा हजारांहून जास्त वर्षं लागतील. व्यवहारात याला शून्यच म्हणायचं. पण ज्या कामासाठी ही डबी घरात आहे, त्या कामात हे शून्य नव्हतं, आणि माझी झोप उडाली.

पहिला संशय दिव्यावर गेला. या घड्याळांच्या पोटात रुबिडियमचा एक छोटा दिवा असतो आणि जुन्या संचांत तो थकलेला असू शकतो. मग संशय उष्णतेवर, मग वीजपुरवठ्यावर. दोन रात्री यात गेल्या. तिसऱ्या दिवशी काहीच सुचेना म्हणून डबी पूर्वीसारखी, वायरी भिंतीकडे करून ठेवली, आणि सकाळपर्यंत लाट आपल्या जुन्या चालीवर परतली. पुन्हा फिरवली, चाल बदलली. पुन्हा सरळ केली, चाल जागेवर. आईने विचारलं, “माझ्याकडून बिघडलं का रे काही?” मी म्हटलं, “नाही गं, जे मला दोन वर्षं दिसलं नव्हतं ते तू दाखवलंस.” डबीला दिशा कळत होती. डबीच्या आत पृथ्वीचं चुंबकत्व शिरत होतं.

हा लेख त्या शिरकावाबद्दल आहे, आणि तो अडवणाऱ्या पातळ पत्र्याबद्दल. अणुघड्याळावर लिहिताना सगळे अणूचं कौतुक करतात. मलाही अणूचं अप्रूप आहेच. पण या डब्या हाताळायला लागल्यापासून माझं मत ठाम झालं आहे की घड्याळाची निम्मी कारागिरी अणूत नसून त्याच्या भोवतीच्या पत्र्यात असते.

रुबिडियम हे मूलद्रव्य १८६१ साली हायडेलबर्गमध्ये बुन्सेन आणि किर्खहॉफ यांना सापडलं. वर्णपटातल्या गडद लाल रेघांवरून त्यांनी ते ओळखलं आणि लॅटिनमधल्या लाल रंगावरूनच त्याचं नाव ठेवलं. मऊ, चांदीसारखा धातू. ३९ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सावलीतही तो द्रवच राहील. निसर्गात त्याचे दोन भाऊ एकत्र सापडतात. ८५ वजनाचा सुमारे ७२ टक्के आणि ८७ वजनाचा २८ टक्के. घड्याळ चालतं ते ८७ वर, आणि ८५ त्याला मदत करतो.

मदत अशी. दिव्यातल्या रुबिडियम-८७ च्या वाफेतून प्रकाश निघतो. त्यात अगदी जवळजवळच्या दोन छटा असतात. रुबिडियम-८५ ने भरलेली काचेची कुपी त्यातली एक छटा गाळून टाकते, कारण योगायोगाने या भावाची शोषणरेषा दुसऱ्याच्या एका रेषेवर जवळपास बसते. उरलेला प्रकाश तिसऱ्या कुपीत शिरतो. तिथे पुन्हा रुबिडियम-८७ आहे, सोबत नायट्रोजनसारखा एखादा वायू, अणूंना काचेवर पटकन आपटू न देणारा. प्रकाश तिथल्या अणूंना एका पायरीवरून उचलून दुसऱ्या पायरीवर नेऊन बसवतो. सगळे तिकडे जमले की प्रकाश शोषायला कुणी उरत नाही आणि कुपी पारदर्शक होते. या युक्तीला प्रकाशीय उपसा म्हणता येईल. तिच्यासाठी आल्फ्रेड कास्लर यांना १९६६ चं नोबेल मिळालं.

आता कुपीवर सूक्ष्मलहरी सोडायच्या. त्यांची वारंवारता सेकंदाला नेमकी ६८३ कोटी ४६ लाख ८२ हजार ६१० च्या आसपास आली, की अणू पुन्हा पहिल्या पायरीवर येतात, पुन्हा प्रकाश शोषतात, आणि कुपीमागच्या प्रकाशसंवेदकावर उजेड किंचित मंदावतो. तो मंदावा सतत साधत राहायचा, हेच घड्याळाचं काम. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सिझियमच्या ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० झोक्यांवर उभी आहे, पण सिझियमची यंत्रं मोठी आणि महाग. रुबिडियम मुठीत मावतो. म्हणून तो मोबाइलच्या टॉवरखालच्या कपाटांत गेला, आणि ती कपाटं निकामी झाल्यावर जुन्या मालाच्या बाजारातून आमच्यासारख्या हौशी लोकांच्या टेबलावर आला. दहा गिगाहर्ट्‌झवर चंद्रावरून किंवा उपग्रहावरून परतणारा क्षीण आवाज ऐकणाऱ्या हॅम रेडिओच्या मंडळींना अब्जात एक चूकही १० हर्ट्‌झचा फरक दाखवते. त्यांना ही डबी म्हणजे पर्वणीच.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात, आणि मग म्हणतात की अणू कुठेही सारखाच, मुंबईत असो वा म्युनिकमध्ये. हे वाक्य अर्धंच खरं आहे.

रुबिडियम-८७ च्या त्या दोन पायऱ्या खरं तर एकेक पायरी नाहीत. खालच्या पायरीत तीन पातळ्या एकावर एक बसलेल्या आहेत, वरच्या पायरीत पाच. चुंबकीय क्षेत्र नसेल तर त्या एकमेकींत मिसळून जातात. क्षेत्र आलं की पंख्याच्या पात्यांसारख्या उलगडतात. गॉस हे क्षेत्र मोजायचं एकक; दर गॉसमागे शेजारच्या दोन पातळ्यांत सुमारे सात लाख हर्ट्‌झचं अंतर पडतं. फक्त मधली खालची आणि मधली वरची, या दोघी जवळजवळ जागच्या हलत नाहीत. घड्याळ नेमकं या दोघींमधलं अंतर वापरतं.

बाकीच्या पातळ्या मधल्यांपासून दूर ढकलायच्या तर थोडं क्षेत्र लागतंच. म्हणून घड्याळ बनवणारे लोक तिसऱ्या कुपीभोवती स्वतःच तारेचं वेटोळं गुंडाळतात आणि त्यातून थोडासा प्रवाह सोडतात. या क्षेत्राला ‘सी-फील्ड’ म्हणतात. नाव जुनं आहे. इझिडोर राबी यांच्या अणुझोताच्या उपकरणात ए आणि बी ही दोन चुंबकं झोत वळवायची आणि त्यांच्या मधलं सौम्य क्षेत्र म्हणजे सी. उपकरण बदललं, अक्षर राहिलं.

मधल्या पातळ्या “जवळजवळ” हलत नाहीत, असं मी म्हटलं. त्या हलतात, पण क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात. रुबिडियमसाठी हा आकडा आहे ५७५ हर्ट्‌झ, क्षेत्र गॉसमध्ये मोजून त्याचा वर्ग केला तर. समजा सी-फील्ड ०.२ गॉस आहे. वर्ग ०.०४, म्हणजे वारंवारता २३ हर्ट्‌झने वर सरकली. ही सरक नेहमी वरच्याच दिशेने होते, कारण वर्ग उणा होत नाही. ती ठरलेली राहिली तर तिचा त्रास नाही. उलट कारखान्यात आणि आमच्या टेबलावरही घड्याळाची चाल बारीक जुळवायला याच वेटोळ्याचा प्रवाह कमी-जास्त करतात. बऱ्याच संचांत त्यासाठी एक स्क्रू असतो, काहींत ० ते ५ व्होल्ट द्यायची पिन.

खरी गोम वर्गातच आहे. आधीच ०.२ गॉसवर बसलेल्या अणूला बाहेरून अजून हजारांश गॉस मिळाला, तर वर्गात होणारी वाढ दोन्हींच्या गुणाकाराच्या दुप्पट असते. हिशेब केला की निखर्वात साडेतीन भाग निघतात, केवळ एका मिलिगॉसमागे. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे चारशे मिलिगॉसच्या आगेमागे आहे. म्हणजे सी-फील्ड जितकं मोठं, तितकं घड्याळ बाहेरच्या चुंबकत्वाला हळवं. म्हणून माझा आग्रह असतो की ज्या संचात चाल जुळवायला दुसरी आकडेमोडीची सोय आहे, तिथे सी-फील्डचा स्क्रू उगाच वर चढवून ठेवू नये. पातळ्या सुट्या राहतील एवढंच क्षेत्र ठेवावं.

यात आणखी एक बारकावा आहे. बाहेरचं क्षेत्र सी-फील्डच्या रेषेत आलं तरच हा गुणाकार होतो. काटकोनात आलं तर फक्त त्याचा स्वतःचा वर्ग वाढतो, आणि तो नगण्य. म्हणून डबी फिरवून तिच्या पोटातल्या कुपीचा अक्ष कुठे आहे ते झाकण न उघडता शोधता येतं. उत्तर-दक्षिण ठेवून उलटवलं की चाल जास्तीत जास्त बदलते, पूर्व-पश्चिम ठेवून उलटवलं की जवळजवळ नाहीच.

आणि इथे आपला मुलूख आडवा येतो, शब्दशः. अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा युरोपात पृथ्वीच्या क्षेत्ररेषा जमिनीत तिरप्या घुसतात, बऱ्याच उभ्या. तिथला हौशी माणूस डबी टेबलावर गोल फिरवतो तेव्हा त्याला थोडाच फरक दिसतो. फरक दिसतो तो डबी पालथी केल्यावर. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जातं, आणि महाराष्ट्रात रेषा बऱ्याच आडव्या असतात. आपल्याकडे आडवा घटक सुमारे ०.३८ गॉस, उभा त्याच्या साधारण निम्मा. म्हणून तिकडून आलेले सल्ले जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत. पुण्यात टेबलावरची दिशा जास्त बोलते. माझ्या आईने डबी पालथी केली नव्हती, फक्त फिरवली होती, आणि तेवढं पुरलं.

त्या फिरण्यातून मी पत्र्याची ताकद काढली. पत्रा नसता तर उत्तर-दक्षिण उलटवण्याने वारंवारता सुमारे १७५ हर्ट्‌झने बदलली असती, म्हणजे निखर्वात अडीच हजार भागांनी. मला दिसला निखर्वात अर्धा भाग. सी-फील्ड ०.२ गॉस धरलं तर माझ्या डबीतला पत्रा बाहेरचं क्षेत्र पाच हजार पटींनी कमी करून आत सोडत होता. एकदा पाहून यावर विश्वास ठेवू नये. खोलीचं तापमान बदललं तरी एवढा फरक पडू शकतो. मी पंधरा रात्री पंखा बंद ठेवून, दर रात्री डबी एकदा सरळ, एकदा उलट, अशी आलटून पालटून नोंद केली. तेव्हा कुठे तो अर्धा भाग दिशेमुळे आहे हे मनाला पटलं. जुन्या सोसायटीतल्या स्लॅबमधल्या आणि कॉलममधल्या सळयाही क्षेत्र वाकवतात, म्हणून फोनमधल्या चुंबकमापकाने टेबलावरची जागाही तपासली. कॉलमजवळ आकडा वेगळा येतो, खोलीच्या मध्यावर वेगळा.

हा पत्रा साधा नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याने रेडिओलहरी अडतात, पण स्थिर चुंबकत्व त्यातून हवेतून जावं तसं जातं. चुंबकत्व अडवता येत नाही, फक्त वळवता येतं. कोकणातल्या कौलारू घराची पन्हळ पाऊस थांबवत नाही. ती पाणी उचलते आणि कडेकडेने घेऊन जाते, म्हणून ओटा कोरडा राहतो. चांगल्या कवचाचा पत्रा क्षेत्ररेषांची पन्हळ असतो. त्या हवेपेक्षा त्यातून जाणं पसंत करतात आणि कुपीला वळसा घालतात. ही पसंती साध्या लोखंडात काही शे ते काही हजार पट असते. म्यू-मेटल नावाच्या मिश्रधातूत ती ऐंशी हजार ते लाखापर्यंत जाते.

म्यू-मेटलमध्ये सुमारे ७७ टक्के निकेल, सोळा टक्क्यांच्या आसपास लोखंड, आणि थोडं तांबं व क्रोमियम किंवा मॉलिब्डेनम असतं. त्याचा जन्म घड्याळासाठी झाला नाही. समुद्राखालच्या तारयंत्राच्या केबलमधून संदेश जाताना ठिपके आणि रेघा एकमेकांत विरघळायच्या. केबलभोवती चुंबकीय धातूची फीत गुंडाळली तर संदेश स्पष्ट राहतात, हे कळल्यावर तसा धातू शोधायची चढाओढ लागली. अमेरिकेत गुस्टाव्ह एल्मेन यांनी पर्मलॉय काढला. लंडनच्या टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेन्टेनन्स कंपनीत विलोबी स्मिथ आणि हेन्री गार्नेट यांनी त्यात तांबं घालून, तार ओढता येईल असा धातू १९२३ साली तयार केला. मुंबईला विलायतेशी जोडणारी समुद्री केबल १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने एडनपर्यंत टाकली, तीही याच कंपनीने बनवलेली. एका अर्थी मुंबईच्या किनाऱ्याला लागलेल्या त्या केबलच्या घराण्यातला धातू आज माझ्या टेबलावर अणू राखतो आहे.

धातू गुणी आहे, पण नाजूक आहे. कापून, वाकवून, जोडून झाल्यावर तो हायड्रोजनच्या भट्टीत ११०० अंशांच्या वर तापवून सावकाश थंड करावा लागतो. तेव्हा त्याचे स्फटिक मोठे होतात आणि ती पसंती अंगात येते. नंतर त्याला वाकवलं, भोक पाडलं, पोचा पडला की त्या जागी गुण जातो. डबी हातातून पडली आणि वरून काही दिसलं नाही, तरी आतल्या कवचाला ते कळलेलं असतं. माझ्या ओळखीचे एक निवृत्त दूरसंचार अभियंते आहेत. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. एका मुलाने पंखा बसवायला बाहेरच्या आवरणाला ड्रिलने चार भोकं पाडली हे ऐकून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “त्याला सांग, पंखा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला लाव. डबीला सुई टोचायची नाही.”

एक जाड पत्रा वापरण्यापेक्षा दोन पातळ पत्रे, मध्ये हवा ठेवून, कितीतरी चांगले. पहिला पन्नास पटींनी कमी करत असेल आणि दुसरा शंभर पटींनी, तर दोन्ही मिळून दीडशे नव्हे, पाच हजारांच्या घरात पोचतात. लांबट नळीच्या टोकांकडून येणारं क्षेत्र बाजूने येणाऱ्यापेक्षा जास्त आत शिरतं, म्हणून झाकण घट्ट, काठ एकावर एक चढलेले हवेत. प्रकाश आणि वायरींसाठी भोकं ठेवावीच लागतात, ती जमेल तितकी लहान. शेजारी जोरदार चुंबक असेल तर म्यू-मेटल लवकर तृप्त होतो आणि पन्हळ भरून वाहू लागते. तिथे बाहेर साध्या पोलादाचं कवच, आत म्यू-मेटल, अशी रचना करतात.

हे तृप्त होणं मी स्वतः अनुभवलं. डबी उघडायची वेळ आली तेव्हा स्क्रू हरवू नयेत म्हणून मेकॅनिकच्या चुंबकी ताटलीत ठेवले आणि ती ताटली नकळत डबीच्या झाकणावर टेकवली. ताटली तासाभराने काढली. घड्याळाची चाल मात्र परत आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. कवच स्वतःच चुंबक होऊन बसलं होतं, आणि ज्याच्यापासून कुपीचं रक्षण करायचं तेच आता तो पत्रा सोडत होता. इतका पश्चात्ताप मला कुठल्याही जळलेल्या भागाचा झालेला नाही.

उपाय बुधवार पेठेत मिळाला. तपकीर गल्लीतल्या एका वयस्कर टीव्ही मेकॅनिकांकडे जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबचे रंग सुधारायची डिगॉसिंग कॉइल होती, हातात धरायची, मोठ्या कड्यासारखी. आता ट्यूबचे टीव्हीच येत नाहीत, त्यामुळे ती धूळ खात टांगलेली. त्यांनी ती उधार दिली आणि स्वतःची रीतही सांगितली. घड्याळ बंद करायचं, वायरी काढायच्या. कॉइल डबीपासून लांब असतानाच चालू करायची, जवळ आणून गोल फिरवायची, आणि तशीच फिरवत फिरवत सावकाश दोन मीटर मागे यायचं. मगच बटण सोडायचं. “जवळ असताना बटण सोडलंत तर आहे त्याच्यापेक्षा जास्त बसेल,” असं त्यांनी मला तीनदा बजावलं. सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारं क्षेत्र पत्र्याच्या आतले सगळे बारीक चुंबक ढवळतं, आणि दूर जाता जाता त्यांना कुठल्याच एका बाजूला न झुकवता सोडून देतं. माझी लाट तिसऱ्या प्रयत्नानंतर जुन्या चालीच्या जवळ आली.

बाहेरचं चुंबकत्व तर दिसतं. आतलं जास्त फसवतं. कुपी आणि दिवा ठरलेल्या तापमानाला ठेवायला आत हीटर असतात. हीटरमधून प्रवाह जातो, प्रवाहाभोवती क्षेत्र येतं, आणि हे क्षेत्र कवचाच्या आतच असल्याने कवचाचा उपयोग नाही. दुपारी खोली तापली की हीटरचा प्रवाह कमी होतो, पहाटे वाढतो. माणसाला वाटतं की घड्याळ तापमानाला हळवं आहे, आणि असतं ते चुंबकत्वाला हळवं. म्हणून जाणते बनवणारे हीटरची तार दुहेरी करून, जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खेटून गुंडाळतात. दोन्हींची क्षेत्रं एकमेकांना खातात. कुणी दुरुस्तीच्या उत्साहात तो हीटर बदलून साधी तार गुंडाळली, तर कागदावर सगळं बरोबर असूनही घड्याळ पुन्हा सुधारत नाही.

ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा उलटतं, तेव्हा सरासरी शून्य येईल असं वाटतं. पण वर्गाची सरासरी शून्य येत नाही. थोडी कायमची वाढ राहते, शिवाय संकेतात पन्नास आणि शंभर हर्ट्‌झच्या अंतरावर नको त्या उपरेषा उमटतात. वीजपुरवठा जड, जुन्या पद्धतीचा असेल तर तो लांब ठेवावा. चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाने ओसरतं, म्हणजे दहा सेंटिमीटरवरून वीसवर नेलं की आठवा हिस्सा. पत्र्यावर कितीही खर्च करा, इतकी स्वस्त सुधारणा दुसरी नाही. पंख्यातही फिरतं चुंबक असतं. डबी थंड ठेवायला जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी पुरते.

काही उत्पादकांनी वर्गाला वर्गानेच उत्तर दिलं आहे. सी-फील्डचा प्रवाह ते सतत उलटवत राहतात. एका अर्ध्यात बाहेरचं क्षेत्र सी-फील्डमध्ये मिळवलं जातं, दुसऱ्या अर्ध्यात वजा होतं. दोन्ही वर्गांची सरासरी घेतली की तो त्रासदायक गुणाकार निघून जातो आणि मागे उरतो तो बाहेरच्या क्षेत्राचा एकटा वर्ग, कवचातून गाळून आलेला, अगदी नगण्य. शाळेत आपण बेरजेचा आणि वजाबाकीचा वर्ग उलगडायला शिकतो, तोच हा धडा. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री अकरा वाजता काकांना फोन केला होता, आणि त्यांनीही तो आनंदाने ऐकून घेतला.

आपल्याकडच्या एका संस्थेने मात्र हा प्रश्न पत्र्याने सोडवला नाही, पत्ता बदलून सोडवला. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. रुळांतून वाहणारा प्रवाह सुया हलवणार, हे उघड होतं. तिथे कवचाचा काही उपयोग नव्हता, कारण बाहेरचं क्षेत्रच मोजायचं होतं. नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ मध्ये वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हललं. तिथल्या इमारती पोरबंदरी दगडाच्या आहेत, आणि लोखंडाऐवजी तांबं-पितळ वापरलेलं आहे. पुढची काही वर्षं दोन्हीकडे एकदम नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा धागा तुटू नये. ट्राम १९०७ मध्ये धावू लागल्या. मुंबईहून अलिबागला समुद्रावर जाणाऱ्यांनी एकदा त्या दगडी भिंतींकडे पाहून यावं असं मला मनापासून वाटतं.

कुलाब्याच्या त्या नोंदींमध्ये सप्टेंबर १८५९ चं महाचुंबकीय वादळ आहे. सूर्यावरच्या स्फोटानंतर कुलाब्यात आडवं क्षेत्र १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे सोळा मिलिगॉसने कोसळलं. हे सगळं माणसांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेलं. त्या दिवशी उघड्यावर रुबिडियमचं घड्याळ असतं, तर वर सांगितलेल्या हिशेबाने त्याची चाल निखर्वात पन्नासेक भागांनी बदलली असती. माझ्या पाच हजार पटीच्या पत्र्याआड असतं, तर निखर्वात शंभरावा भाग. तेवढं माझ्या स्कोपला दिसत नाही.

हा प्रयोग थोड्या प्रमाणात करायची संधी १० मे २०२४ च्या रात्री आली. त्या वादळात लडाखमध्ये हानळेला आकाश लाल झालं. क्षेत्रातली घट सुमारे ४०० नॅनोटेस्लापर्यंत गेली. मी रात्रभर दोन्ही लाटा समोर ठेवून बसलो. जीपीएसच्या संकेतांवर अशा रात्री वातावरणाच्या वरच्या थरांचा परिणाम होतो, त्यामुळे तुलना तितकीशी स्वच्छ नव्हती. पण दिशेच्या चुकीसारखा, एकाच बाजूने वाढत जाणारा उतार कुठेही दिसला नाही. नोंदवहीत त्या रात्रीच्या रकान्यांत आदल्या रात्रीचेच आकडे, थोडे वर, थोडे खाली.

उपग्रहात ही चिंता आणखी मोठी. तिथे उपग्रहाला वळवायला विद्युतचुंबकांचे दांडे वापरतात, आणि कक्षेत फिरताना पृथ्वीचं क्षेत्रही सतत बदलत असतं. आपल्या ‘नाविक’ या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीतल्या सुरुवातीच्या उपग्रहांत परदेशी रुबिडियम घड्याळं होती. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रात बनलेलं भारतीय रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ ला एनव्हीएस-०१ उपग्रहातून वर गेलं. ही बातमी वाचताना माझ्या मनात आधी आलं ते त्याचं कवच, ते कुणी घडवलं असेल, कुठल्या भट्टीत तापवलं असेल.

काका आणि मी सध्या तिसरं, बाहेरचं कवच करायच्या तयारीत आहोत. पत्रा मिळतो. अडचण भट्टीची आहे. हायड्रोजन भरलेली, अकराशे अंशांच्या वर जाणारी भट्टी आमच्यासारख्यांच्या दोन तुकड्यांसाठी कोण चालू करणार? एका कारखान्यातले गृहस्थ म्हणाले आहेत की त्यांचा मोठा लॉट लागेल तेव्हा आमचे दोन डबे कोपऱ्यात ठेवू, पण आधी डबे पूर्ण घडवून, कडा घासून, भोकं पाडून आणा, नंतर हात लावायचा नाही. काकांनी कागदाचा साचा कापून ठेवला आहे. भोकांच्या जागा अजून ठरत नाहीत.

तोवर डबी पूर्व-पश्चिम आहे. यंदा सफाईच्या आधी मी टेबलावर खडूने तिच्या कडेने चौकोन आखला आणि वायरींच्या बाजूला बाण काढला. आईने टेबल पुसताना चौकोन सोडून चारही बाजूंनी पुसलं. डबीवरची धूळ तशीच राहिली होती, ती तिने डबी न हलवता फुंकून घालवली.